साहेबाच्या पानातलं बीट

हंबीरराव लढाईवरून जाईवाडीला परत आले ते सेहेचाळीसच्या उन्हाळ्यात. येताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणली, भर वैशाखातही अंगावरून न उतरणारा खाकी ओव्हरकोट आणला, आणि बीट आणलं. ट्रंक आणि कोट सगळ्या गावाने हात लावून पाहिला. बीट मात्र कुणाच्या नजरेला पडलं नाही, कारण ते हंबीररावांच्या बोलण्यातच होतं.

चावडीसमोरच्या पारावर बसून ते इटलीच्या गोष्टी सांगत. गोष्ट तोफेपासून निघो, डोंगरापासून निघो नाहीतर बर्फापासून, ती फिरून फिरून ऑफिसरांच्या मेसमध्ये येई आणि तिथे पांढऱ्या बशीत मांडलेल्या, शिरक्यात, म्हणजे व्हिनेगरमध्ये, मुरलेल्या बिटाच्या चकत्यांपाशी थांबे.

"कर्नलसायबाला दुसरं काय लागायचंच न्हाई," ते सांगत. "मटन ऱ्हाऊ दे म्हनायचा. हंबीर, तेवढं बीट आन म्हनायचा."

जाईवाडीने तोवर बीट पाहिलेलं नव्हतं. गावचे पाटील लालासाहेब यांना एकच बीट ठाऊक होतं, ते म्हणजे पोलीस जमादाराचं, गस्तीचं, आणि ती खायची वस्तू नसून खाणारी होती.

"मुळ्यावानी असतंय का?" कुणीतरी विचारलं.

"मुळा म्हंजे तलाठी," हंबीरराव म्हणाले. "बीट म्हंजे कलेक्टर."

एवढं ऐकल्यावर पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

पारावरच्या माणसांना बीट संध्याकाळपुरतं ऐकावं लागे. हंबीररावांची बायको हरणाबाई हिला ते दोन्ही वेळच्या जेवणात होतं. ती भाकरी वाढी, पिठलं वाढी, कैरीच्या लोणच्याची फोड ठेवी. हंबीरराव फोड चोखत आणि म्हणत, "चांगलं हाय. पर बिटाची सर न्हाई." नवरा पलटणीत गेल्यापासून सहा वर्षं तिने ऊस लावला, ऊस तोडला, गुऱ्हाळ घातलं, सासऱ्याचं सगळं केलं. त्या सहा वर्षांत घरच्या लोणच्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं, कारण ठेवणारा घरात नव्हता.

ती दुसरी फोड वाढी. माणूस जिवंत परत आला होता. वाडीतली तिघं आलीच नव्हती. तेवढ्यासाठी बीट सोसायला काही हरकत नाही, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

सोसून भागलं असतं, पण दिवाळी झाली आणि साताऱ्याच्या कुठल्याशा कचेरीतून पाटलाला कागद आला. पलटणीतून घरी आलेल्या माणसांची विचारपूस करायला एक कॅप्टनसाहेब गावोगाव हिंडत होते आणि संक्रांतीच्या आसपास ते जाईवाडीला येणार होते.

लालासाहेबांनी तो कागद तीनदा वाचून घेतला आणि त्यांना त्यात ओढा दिसला. जाईवाडी आणि कोरेगाव यांच्यामध्ये एक ओढा आहे. पावसाळ्यात तो गावाला कोंडून ठेवी आणि उन्हाळ्यात गाड्यांचे आख मोडी. त्याच्यावर फरशीपूल व्हावा म्हणून गावाने अकरा वर्षांपूर्वी अर्ज केला होता. अर्ज कुठे आहे ते कुणालाही सांगता येत नव्हतं. आता येणाऱ्या कॅप्टनचा ओढ्याशी काही संबंध नाही हे लालासाहेबांना कळत होतं, पण साहेब तो साहेब. त्याने एका साहेबाच्या कानात सांगितलं की दुसऱ्या साहेबाचा हात हलतो, अशी त्यांची समजूत होती आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

ते चार माणसं घेऊन हंबीररावांच्या सोप्यात येऊन बसले.

"जेवान तुमच्याकडं," ते म्हणाले. "सायबाच्या पानात काय लागतं त्ये गावात तुमा एकट्यालाच म्हाईत."

हंबीररावांनी ओव्हरकोटाची बटणं लावली. "बीट पायजे," ते म्हणाले. "त्याबिगार साहेब हात धुनार न्हाई."

"मग बीट करा. कसं करत्यात त्ये ठावं हाय न्हवं?"

"त्यात काय ठावं असायचं?"

हरणाबाई आतल्या दाराशी उभी होती. 'त्यात काय' म्हणताना नवऱ्याने कानाची पाळी खाजवली हे तिने पाहिलं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. ही पाळी कधी खाजवली जाते हे तिला पक्कं माहीत होतं.

पाचगणीच्या बागांमधला माल साताऱ्याच्या मंडईत उतरतो. हंबीरराव सर्व्हिस मोटारीने साताऱ्याला गेले आणि दुसऱ्या दिवशी अर्धं पोतं खांद्यावर टाकून परतले. आल्या आल्या ते त्यांनी स्वैपाकघरात ओतलं. हरणाबाईने एक गड्डा उचलून बघितला. मातीने माखलेला, केसाळ, खाली उंदरासारखी शेपटी आणि वर सुकल्या पानांचा झुपका.

"ह्यो कलेक्टर व्हय," ती म्हणाली.

"लोनचं घालायचं. बशीत चकत्या दिसल्या पायजेत."

"कच्चं का उकडून?"

हंबीररावांनी छपराकडे बघितलं. "त्ये खानसाम्याचं खातं. माजं खातं वाडायचं."

मग हरणाबाईने तिला येत होतं तसं केलं. बिटं सोलली, फोडी केल्या, मोहरीची डाळ, मेथी, हिंग, हळद, तिखट, मीठ सगळं कैरीला घालतात तसं घातलं आणि वरून गार केलेलं तेल ओतून बरणीला दादरा बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला हंबीरराव बूट घालून बरणीपुढे येऊन उभे राहिले.

"रिपोर्ट?" त्यांनी विचारलं.

"कशाचा?"

"बिटाचा."

"निजलंय अजून," हरणाबाई म्हणाली.

रोज सकाळी ही हजेरी होऊ लागली. तिसऱ्या दिवशी बरणीत पाणी सुटलं. चौथ्या दिवशी तेल एकीकडे आणि बीट एकीकडे झालं. पाचव्या दिवशी दादरा सोडला तर वर पांढरी बुरशी आली होती आणि खाली फोडी दगडासारख्या कच्च्याच होत्या. हंबीररावांनी वास घेतला, दोन पावलं मागे सरले आणि निकाल दिला, "ह्या घरात शिस्त न्हाई."

हरणाबाईने बरणी म्हशीपुढे उपडी केली. म्हशीने हुंगून तोंड फिरवलं.

आता मात्र हरणाबाईला राग आला. तो नवऱ्याचा नव्हता, त्याचा राग तिने कधीच सोडून दिला होता. राग बिटाचा होता. जमिनीतून आलेली वस्तू आपल्या हातून बिघडावी हे तिला सहन होईना. हंबीरराव पारावर गेल्याची खात्री करून तिने निम्मी बिटं काढली, रताळ्यासारखी दोन्ही टोकं उडवली आणि मोठ्या भगुल्यात उकडायला टाकली. तासाभराने बघते तर पाणी कुंकवासारखं लाल झालेलं आणि बिटं मात्र आजारी माणसासारखी फिकी पडलेली. ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत बसली. मग तिच्या लक्षात आलं, की जिथे कापलं तिथूनच ह्याचं रगत वाहून गेलंय. जखमच केली नाही तर?

उरलेल्यातली चार बिटं तिने नुसती धुतली. शेपटी तशीच ठेवली, वरचे देठ दोन बोटं ठेवून खुडले आणि सालासकट उकडली. सुरी सहज आत जायला लागली तशी काढून गार पाण्यात टाकली. अंगठ्याने दाबलं तर साल मोज्यासारखी निघून आली आणि आतून असा गडद, चकचकीत गड्डा निघाला, की तिला एकटीलाच हसू आलं.

दुपारी ओढ्यावर धुणं धुताना शेजारच्या राहीबाईने तिचे मनगटापर्यंत लाल झालेले हात बघितले.

"हरणे, कुनाचा मुडदा पाडलास गं?"

"अजून न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि लुगडं पिळायला लागली.

बीट साधलं, पण शिरका बाकी होता. तो जाईवाडीत कुणाकडेच नव्हता. कोरेगावात बादशहाभाई बागवानांच्या घरी मात्र त्याचे रांजण होते. बादशहाभाई फळं आणि भाजी विकत. त्यांची बायको अख्तरबी दर हंगामात उसाचा रस धाब्यावरच्या मडक्यांत भरून, तोंडाला फडकं बांधून, तीन-चार महिने उन्हात ठेवी. पहिल्या पंधरा दिवसांत रस फसफसून त्याला असा दारूसारखा वास सुटे, की कुणीतरी सरकारी माणूस शिडी चढून चौकशीला येई. अख्तरबी त्याला म्हणे, "आता न्हाई, संक्रांतीला या." संक्रांतीला आला की त्याला वाटीभर चाखायला देई. तो डोळे पुशीत खाली उतरे आणि पुढच्या साली नवा माणूस येई.

ह्या घरी हरणाबाईचा ऊस जाई. त्यामुळे ओळख जुनी होती. तिने उकडलेली चार बिटं पंच्यात बांधून नेली आणि अख्तरबीपुढे ठेवली.

"भाबी, ह्येला शिरक्यात घालायचंय. पलटनीतली रीत हाय म्हनं."

अख्तरबीने एक चकती कापून तोंडात टाकली. "गोडंच की गं ह्ये. तुज्या दादल्यानं कसं सांगितलंय?"

"त्येंचं खातं वाडायचं."

"आमच्या ह्येंचं बी त्येच," अख्तरबी म्हणाली आणि पदर खोचून उठली.

त्या दोघींनी मग दुपारभर खटपट केली. शिरका पितळी पातेल्यात तापवायचा नाही, कल्हई खाऊन टाकतो, म्हणून मातीचं मडकं घेतलं. साखर रेशनात मिळत नव्हती म्हणून गूळ घातला. रंग काळपट होईल अशी अख्तरबीला धास्ती होती, पण बिटाच्या रंगापुढे गुळाचं काही चाललं नाही. मीठ, आठ-दहा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा तुकडा. उकळी आली तशी चकत्यांवर गरम गरम ओतलं आणि काचेच्या बरणीचं तोंड बांधलं. आठ दिवस हात लावायचा नाही असं अख्तरबीने बजावलं. हरणाबाई उरलेल्या बिटांसाठी मडकंभर शिरका डोक्यावर घेऊन ओढा उतरून घरी आली.

आठव्या दिवशी हंबीररावांनी चकती तोंडात टाकली. ती ते सावकाश चावत राहिले. त्यांचे डोळे मात्र कुठे तरी लांब गेले होते. हरणाबाईला वाटलं, आता काही तरी खरं बोलतील. तेवढ्यात सोप्यातून लालासाहेबांचा आवाज आला आणि हंबीररावांनी कोट सारखा केला.

"जमलं," ते बाहेर जाऊन म्हणाले. "दोन-तीन येळा दाखवावं लागलं. पर जमलं."

लालासाहेबांनी बरणी उजेडात धरली. "शिरका कुटला?"

"बागवानाच्या घरचा," आतून हरणाबाई म्हणाली.

पाटलांनी बरणी खाली ठेवली. बागवानाच्या घरचं पाणी त्यांच्या वाड्यात चालत नसे. "आपल्याला कुटं खायचंय," शेवटी ते म्हणाले. "साहेब खाईल."

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी ओढ्यातून धक्के खात एक जीप आली. सगळं गाव वेशीपाशी जमलं होतं. साहेब म्हणजे गोरा, अशी सगळ्यांची खात्री होती. जीपमधून उतरला तो सांगलीकडचा, काळासावळा, बारीक मिशीचा, चाळिशीतला मराठी माणूस. गाव जरा हिरमुसलं. लालासाहेब हार घेऊन पुढे होता होता हंबीररावांच्या कानाशी म्हणाले, "गोरं चाललं म्हनं. आता ह्येच सायेब."

शाळेतलं टेबल आणून सोप्यात मांडलं होतं. कॅप्टनसाहेब खुर्चीवर बसले, बाकी मानकरी खाली घोंगडीवर. हरणाबाईने मटण केलं होतं, भाकरी, भात केला होता, आणि पांढऱ्या बशीत, एकीवर एक अर्धी चढवून, बिटाच्या चकत्या मांडल्या होत्या. हंबीररावांनी ती बशी स्वतः दोन्ही हातांनी नेऊन साहेबांपुढे ठेवली आणि ट्रंकेतला काटा बाजूला ठेवला.

दाराआडून हरणाबाईला सगळं दिसत होतं. साहेबांनी बशीकडे पाहिलं, मग हळूच खाली बसलेल्या माणसांकडे पाहिलं. हे कसं खातात ते बघावं, असं ते बघणं होतं. खाली बसलेली माणसं साहेबांकडे बघत होती, कारण त्यांनाही तेच बघायचं होतं. असा काही वेळ गेला. ह्या माणसाने जन्मात बीट खाल्लेलं नाही, हे हरणाबाईच्या चटकन ध्यानात आलं आणि तिला त्याची कीव आली.

शेवटी साहेबांनी काट्याने एक चकती टोचली, तोंडात घातली आणि डोळे मिटले.

"एक्झॅक्टली," ते म्हणाले.

शब्दाचा अर्थ कुणालाच कळला नाही, पण बीट पास झालं हे सगळ्यांना कळलं. मग बशी खाली फिरली. लालासाहेबांनी एक चकती घेतली, विचारात पडले, दुसरी घेतली. "चव इलायती हाय," त्यांनी सांगितलं आणि तिसरी घेतली. बागवानाचा विषय कुणी काढला नाही.

साहेब खुशीत आले हे बघून हंबीररावांना राहवेना. त्यांनी घसा साफ केला आणि कर्नलची गोष्ट सुरू केली. साहेब मान डोलावीत होते. गोष्ट मेसच्या दारापाशी पोचली होती.

जीपचा ड्रायव्हर बाहेर ओट्यावर जेवत होता. तो म्हसवडचा नाथाजी. हरणाबाईने त्याच्याही ताटात चार चकत्या वाढल्या होत्या. पहिली खाल्ल्यावर त्याचा हात थांबला. त्याने आतला आवाज कान देऊन ऐकला, मग खरकट्या हातानेच उठून तो सोप्याच्या दारात आला.

"हंबीऱ्या," तो म्हणाला, "तूच व्हय रं? मला वाटलंच, बीट हाय म्हंजे तू आसनार."

हंबीररावांची गोष्ट तिथेच राहिली.

"ओळख आहे तुमची?" साहेबांनी विचारलं.

"वळख म्हंजे, साहेब, एका दाव्याला हुतो आमी. खेचरांच्या तुकडीत." नाथाजीच्या आवाजात नुसता आनंद होता. आपण काय मोडतो आहोत ह्याची त्या बिचाऱ्याला कल्पनाच नव्हती. "धा म्हैने डोंगरावर दारूगोळा चढवला. ह्येच्याकडं ल्हासी नावाची खेचरी हुती. लय खोडील. बर्फात चार दिस रसद आली न्हाई, तवा ह्यो गडी तिच्या तोबऱ्यातलं कच्चं बीट काडून खायाचा. जनावरांसाटी साटवल्यालं. मग एक दिस त्या म्हातारीनं बगितलं आनि..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. तोबऱ्यापाशीच हशा फुटला होता. लालासाहेब घोंगडीवर कलले. साहेबांना ठसका लागला आणि त्यांना पाणी द्यावं लागलं. "म्हणजे कर्नल कोण, ती खेचरी काय?" त्यांनी विचारलं आणि पुन्हा सगळे हसले. हंबीरराव कोटाच्या कॉलरात मान घालून उभे होते. नाथाजी गोंधळून इकडे तिकडे बघायला लागला आणि मग गुपचूप ओट्यावर परत गेला.

जेवणानंतर लालासाहेबांनी ओढ्याचा विषय काढला. साहेबांनी दात कोरीत सगळं ऐकलं. "हे माझ्या खात्यात येत नाही," ते म्हणाले, "पण अर्ज करा. अर्ज करायला काहीच हरकत नाही." मग त्यांनी बरणीतलं उरलेलं बीट जीपमध्ये ठेवायला सांगितलं आणि जीप धक्के खात ओढ्यापलीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून हंबीरराव खेचरसाहेब झाले. पोरं तर म्हणायचीच, पण म्हातारी माणसंही म्हणायला लागली. ते पाराकडे जाईनात. कोट ट्रंकेत गेला आणि ट्रंक माळ्यावर. जेवताना आता ते बिटाचं नाव काढीत नसत, लोणच्याला नाव ठेवीत नसत, आणि त्याचाच हरणाबाईला जास्त त्रास व्हायला लागला. मुकं माणूस सोसणं बीट सोसण्यापेक्षा जड असतं हे तिला तेव्हा कळलं.

आठेक दिवसांनी दोघं खोडव्याचं पाचट ओढत होती. ऊन चढलं होतं. ती बांधावर पाणी प्यायला बसली आणि तिने विचारलं, "आवं, त्या म्हातारीनं काय केलं?"

"कुठल्या?"

"त्यो नाथाजी म्हनत हुता न्हवं. म्हातारीनं बगितलं म्हनून. पुडचं कुनी ऐकलंच न्हाई."

हंबीरराव थोडा वेळ पाचटच ओढीत राहिले. मग तेही येऊन बसले.

"तिच्या गोठ्यात खेचरं बांदली हुती," ते म्हणाले. "कच्चं बीट खाताना तिनं मला बगितलं. काय बोलली न्हाई. घरात गेली आनि तळघरातनं बरनी घिऊन आली. शिरक्यातलं बीट. तिच्या घरात बी दुसरं काय नसंल, सगळं लुटून न्हेल्यालं. माज्या म्होरं धरली आनि खा म्हनली. मी खाल्लं. समदी बरनी खाल्ली."

"मग?"

"मग मी रडाय लागलो." त्यांनी ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं. "तिचा बी ल्योक लढाईवर गेल्याला. आमच्याच इरुद्द. आमी तितं हुतो तवर मी तिची लाकडं फोडून देत हुतो. मामा म्हनायचो तिला. तिकडं आईला मामा म्हनत्यात. नाव काय हुतं त्ये म्हाईत न्हाई."

हरणाबाईच्या डोळ्यांपुढे त्या बाईचे मनगटापर्यंत लाल झालेले हात आले.

"ह्ये आदी सांगितलं असतं," ती म्हणाली, "तर पयल्याच दिशी नीट केलं असतं मी. सायबासाटी करायचं म्हनून माजं मनच लागंना."

"असलं पारावर सांगत्यात व्हय? आपला मानूस रडला म्हनून?"

"मी काय पारावर बसत न्हाई," हरणाबाई म्हणाली आणि उठली.

फाल्गुनात लालासाहेब पुन्हा त्यांच्या सोप्यात येऊन बसले. साहेबांचं पत्र आलं होतं. ओढ्याबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं. मागे दिलेल्या प्रकारच्या बिटाच्या सहा बरण्या लवकर पाठवाव्यात, वरच्या साहेबांनाही ते पसंत पडलं आहे, एवढंच होतं.

"करून टाका," लालासाहेब म्हणाले. "मोट्या लोकांचं मन मोडू नये."

हंबीररावांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "तिला इचारा. माजं खातं न्हाई त्ये."

पाटील असं बाईमाणसाला विचारायला आले नव्हते, पण आता विचारणं भाग पडलं. हरणाबाई दारातच उभी राहिली.

"शिरका कोरेगावात," ती म्हणाली. "बिटं साताऱ्यासनं यायची. बरन्या काचंच्या. ओढ्यात गाडी हादरली की बरनी फुटती. फरशी न्हाई तवर बीट न्हाई. असं लिवा त्येस्नी."

"असं कसं लिवायचं?"

"मास्तरला सांगा. त्यो नीट लिवतो."

मास्तरने खरोखरच नीट लिहिलं. दळणवळणाच्या सोयीअभावी सदर पदार्थाचा पुरवठा करणे अशक्यप्राय झाले आहे, असं त्याने लिहिलं आणि खाली लालासाहेबांनी सही केली. साहेबांचे मेहुणे दुसऱ्या एका कचेरीत होते, आणि ओढा नेमका त्यांच्या खात्यात येत होता, हे गावाला मागाहून कळलं. बाराव्या दिवशी एक ओव्हरसियर टेप घेऊन ओढ्यात उतरला. त्याच्या कागदावर कारण म्हणून 'लष्करी उपयोगाचा भाजीपाला' असं लिहिलेलं मास्तरने स्वतः वाचलं. पाऊस लागायच्या आत फरशी बांधून झाली. दगड रचणं चालू होतं त्याच आठवड्यात गावाचा अकरा वर्षांपूर्वीचा अर्जही परत आला. मागणी तपासली असता अशा पुलाची गरज दिसून येत नाही, असा त्यावर शेरा होता.

बिटाच्या सहा बरण्या काही गेल्या नाहीत. थंडी पडल्याशिवाय बीट मिळत नाही असं हरणाबाईने कळवलं आणि थंडी पडेपर्यंत कॅप्टनसाहेबांची बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना पित्ताचा त्रास होता. त्यांना आंबट चालत नसे. मधल्या काळात देशाचा झेंडा बदलला, चावडीवर नवा लागला, आणि त्या दिवशीच्या भाषणात लालासाहेबांनी फरशीपूल आपल्या अकरा वर्षांच्या चिकाटीचं फळ असल्याचं सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हरणाबाईनेही वाजवल्या. पूल कुणाच्या का नावाने असेना, गाडीचा आख मोडत नव्हता.

त्या हिवाळ्यात हंबीररावांनी उसाच्या कडेला दोन वाफे बिटाचे लावले. पौषात ते उपटून आणले आणि हरणाबाईला काही न सांगता न्हाणीपाशी बसून धुवायला लागले. त्यांनी म्हसवडला नाथाजीला सांगावा धाडला होता, की आठ-दहा दिवसांनी ये, जेवायला ये. शिरका ते सकाळीच अख्तरबीकडून घेऊन आले होते. अख्तरबीने त्यांना अर्धा तास ओट्यावर बसवून सगळी कृती दोनदा म्हणून घेतली होती.

बिटं धुऊन झाल्यावर त्यांनी सुरी घेतली आणि एकेकाची शेपटी आणि शेंडा उडवून भगुल्यात टाकायला सुरुवात केली. हरणाबाई चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली. भगुलं चढलं, उकळी आली, पाणी लाल झालं, आणि हंबीरराव आधी भगुल्यात, मग तिच्याकडे बघायला लागले.

"शेपूट ठेवायचं असतंय," ती म्हणाली.

"भाबीनं सांगितलं न्हाई त्ये."

"भाबीला कुटलं ठावं आसनार? त्ये माजं खातं." तिने तव्यावरची भाकरी उलटली. "ऱ्हाऊ द्या त्ये. दुसरी घ्या. टोपलीत हायती अजून."

हंबीररावांनी टोपली पुढे ओढली.